नवीन कॉपरबँड पाच दिवस काहीच खात नाहीये. वाट बघू, की औषध टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. ३०० लिटरचा, दीड वर्ष चाललेला रीफ टँक, म्हणजे कोरल असलेला समुद्री टँक. आत दोन क्लाउनफिश आणि एक तीन पट्ट्यांची डॅमसेल. दगडांवर एप्टेशिया, म्हणजे तणासारखं पसरणारं छोटं समुद्री ॲनिमोन, फार वाढला म्हणून ते खाईल या आशेने रविवारी कॉपरबँड बटरफ्लाय मासा आणला. आज शुक्रवार. पेलेट्स, फ्लेक्स, गोठवलेली ब्राइन श्रिम्प, सगळं टाकून झालं, तो कशालाच तोंड लावत नाही. दिवसभर मागच्या कोपऱ्यात पंपाच्या आड उभा असतो. दुकानदार म्हणाला, "भूक लागली की खाईल." तुम्ही विचारताय की वाट बघायची, की कॉपर, म्हणजे परजीवींवरचं तांब्याचं औषध, टाकायचं?

दोन्ही नको. वाट बघून हा मासा खात नाही. आणि कॉपर रीफ टँकमध्ये कधीच टाकायचं नसतं, कोरल, कोळंब्या, गोगलगायी सगळं मरतं. पण तुमच्याकडे अजून वेळ आहे. आज आणि उद्या काय करायचं ते सांगतो, सोबत कारणही सांगतो, कारण कारण कळलं नाही की माणूस घाबरून रोज काहीतरी नवीन करत बसतो आणि माशाला त्याचाच त्रास जास्त होतो.

"भूक लागली की खाईल" हे डॅमसेलच्या बाबतीत खरं आहे. क्लाउनच्या, लायनफिशच्या बाबतीतही बऱ्याच अंशी खरं. कॉपरबँडच्या बाबतीत नाही. त्याला भूक लागलेलीच आहे, ती रविवारच्या आधीपासून लागलेली आहे. पाण्यात तरंगणारा तपकिरी गोळा म्हणजे अन्न, हे त्याला माहीतच नाही. त्याचं ते लांब चोचीसारखं तोंड बघा. आयुष्यभर त्याने दगडाच्या फटीत, नळीत लपलेले किडे आणि बारीक जीव उपसून खाल्लेत. त्याच्या लेखी अन्न कशाला तरी चिकटलेलं असतं, किंचित हलतं आणि ओढल्यावर सुटतं. वरून पडणारी वस्तू त्याच्यासाठी कचरा आहे. त्यात भर म्हणजे तो घाबरलेला आहे. त्यामुळे प्रश्न दोन आहेत. एक, भीती कमी करायची. दोन, पहिला घास त्याला ओळखू येईल अशा रूपात द्यायचा. बाकी सगळं नंतर.

आधी दहा मिनिटं नुसतं बघा

टँकसमोर खुर्ची टाकून, हात न हलवता दहा मिनिटं बसा. टँकवरचा दिवा मंद ठेवा, खोलीतला बंद करा. मला तुमच्याकडून या गोष्टी कळायला हव्यात.

डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागाकडे बघा. पोट आत गेलेलं असणं हे पाच दिवसांच्या उपासाचं साधं लक्षण आहे, ते दोन दिवसांत भरून येतं. पण डोळ्याच्या मागे मानेपाशी मांस आटून खळगा पडला असेल, समोरून बघितल्यावर मासा सुरीच्या पात्यासारखा दिसत असेल, तर त्याने स्वतःचे स्नायू वापरायला सुरुवात केली आहे. तिथून परत आणणं फार कठीण. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला पाठ भरलेली दिसतेय. हे चांगलं आहे.

दुसरं, श्वास. कल्ल्यांची हालचाल मिनिटभर मोजा आणि तुमच्या क्लाउनशी ताडून बघा. बराच जास्त वेग असेल, मासा पंपाच्या झोतात तोंड घालून उभा राहत असेल आणि उजेड टाळत असेल, तर व्हेल्व्हेट या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाचा संशय घ्या. व्हेल्व्हेट काही दिवसांतच मासा नेतो, तिथे खाण्याचा विचार दुसऱ्या नंबरवर जातो. पंपाच्या आड, म्हणजे जिथे प्रवाह नाही तिथे उभा असेल, तर तो लपलाय. या दोन्हींतला फरक दिसायला बारीक आहे, पण उपाय अगदी उलटे आहेत. तुमच्या वर्णनावरून तो लपलेला वाटतो.

तिसरं, डोळा. एखादा डोळा धुरकट आहे का, मासा दगडाला अंग घासतो का? बटरफ्लाय माशांच्या अंगावर फ्लूक म्हणजे चपटे परजीवी किडे फार वेळा असतात आणि ते पारदर्शक असल्यामुळे दिसत नाहीत.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: तो दगडावर टोच मारतो का? तुम्ही लिहिलंय, "कधी कधी दगडाला चोच लावतो, पण खात काही नाही." हे वाक्य वाचून मला हायसं वाटलं. टोच मारणारा मासा हार मानलेला नसतो. तो शोधतोय, त्याला सापडत नाहीये.

हा मासा तुमच्याकडे पोचेपर्यंत

कॉपरबँड आपल्या कोकण किनाऱ्याचा मासा नाही. अंदमान समुद्रापासून पूर्वेला इंडोनेशिया, फिलिपाइन्स, ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा वावर. पकडणारा, गोळा करणारा, निर्यात करणारा, आयात करणारा, मग दुकानदार, असे चार-पाच हात बदलून तो येतो. प्रत्येक टप्प्यावर पिशवीत भरण्याआधी त्याला मुद्दाम एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, कारण पिशवीत विष्ठा झाली की अमोनिया वाढतो. म्हणजे तुमच्या टँकमध्ये उतरला तेव्हाच त्याचा मोठा उपास झालेला होता. तुमचे पाच दिवस त्यात मिळवा. मी "अजून वेळ आहे" म्हणालो, पण तो वेळ आठवड्यांचा नाही, दिवसांचा आहे.

आणखी एक. बरीच दुकानं परजीवी दबून राहावेत म्हणून पाणी कमी खारट ठेवतात, विशिष्ट गुरुत्व १.०१८ ते १.०२० च्या आसपास. आपला रीफ टँक १.०२५ ला असतो. जास्त खारट पाण्यातून कमी खारटात गेलेला मासा बऱ्यापैकी सावरतो. उलट दिशेने एका तासात नेलेला मासा अंगातलं पाणी गमावतो, वरून ठीक दिसतो आणि दोन-तीन दिवस सुस्त, खाण्याची इच्छा नाही असा राहतो. तुम्ही दुकानातली सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, विचारली होती का? नसेल तर आज फोन करून विचारा. पाच दिवसांनी ते दुरुस्त करता येत नाही, पण मासा का मंदावलाय हे कळेल. आणि तुमचा स्वतःचा आकडा रिफ्रॅक्टोमीटरने तपासा, काटेवाल्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरने नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो, कारण ती अजूनही लोक करतात. फार वर्षांपूर्वी मी बाहेरगावाहून रात्रभर प्रवास करून आलेला एक कॉपरबँड पिशवी उघडून दोन तास ठिबक पद्धतीने नवीन पाण्याची सवय करत ठेवला. सगळीकडे तसंच सांगितलेलं होतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पाण्याचा पीएच खाली जातो, आणि कमी पीएचला साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मी त्या माशाला दोन तास त्यातच बसवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून लांबून आलेला मासा असेल तर मी क्वारंटाइन टँकचं पाणीच आधी पाठवणाऱ्याच्या सॅलिनिटीला आणून ठेवतो, पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवतो आणि उघडल्या उघडल्या मासा उचलून आत सोडतो, पिशवीतलं पाणी आत न घेता. सॅलिनिटी मग पुढच्या काही दिवसांत, रोज ०.००२ पेक्षा जास्त नाही, अशी चढवतो. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाची गोष्ट वेगळी, तिथे अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो.

आज रात्री: डॅमसेलपासून सुटका

तुम्ही डॅमसेलचा उल्लेख जाता जाता केलाय, पण माझ्या डोळ्यांसमोर पहिली तीच आली. तीन पट्ट्यांची डॅमसेल बोटाएवढी असते आणि पूर्ण टँक स्वतःचा समजते. तुम्ही समोर असताना ती शांत दिसेल, कारण तेव्हा तिचं लक्ष तुमच्या हातातल्या खाण्याकडे असतं. मोबाइल टँकसमोर उभा करून, रेकॉर्डिंग लावून अर्धा तास खोलीबाहेर जा आणि मग बघा. बहुतेक तुम्हाला दिसेल की कॉपरबँड कोपऱ्यातून निघाला की ती त्याला परत कोपऱ्यात घालवते. असा मासा समोर मेजवानी ठेवली तरी खात नाही.

स्वतंत्र क्वारंटाइन टँक तयार असता तर मी तिथे हलवायला सांगितलं असतं. तो नाही, आणि आज घाईने उभा केलेला नवा टँक, ज्यात अमोनिया पचवणारे जीवाणू अजून बसलेले नाहीत, तो अमोनियाने आणखी वाट लावेल. म्हणून त्याच टँकमध्ये कप्पा करा. काचेवर लटकणारी पारदर्शक अक्लिमेशन बॉक्स मोठ्या आकारात मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर एगक्रेटची, म्हणजे ट्यूबलाइटखाली लावतात त्या पांढऱ्या चौकोनी जाळीची, आडवी भिंत घालून टँकचा एक तृतीयांश भाग त्याला द्या. मला भिंत जास्त आवडते, कारण त्यात दगडाचा एखादा तुकडा त्याच्या बाजूला राहतो आणि त्याला टोच मारायला जागा मिळते. त्याच्या भागात पीव्हीसीचा दोन-तीन इंची एल्बो ठेवा. दिसायला वाईट, पण लपायला हक्काची जागा असलेला मासाच लवकर बाहेर येतो.

डॅमसेलला पकडून वेगळी करता आली तर आणखी बरं. पण त्यासाठी दगड उपसू नका. त्या गोंधळाने कॉपरबँडचे आणखी दोन दिवस जातील.

दिवे दोन दिवस निम्म्यावर ठेवा, कोरलना काही होत नाही. टँकमध्ये हात घालणं, काच घासणं, दगड नीट करणं बंद. घरात लहान मुलं असतील तर त्यांना प्रेमाने सांगा की दोन दिवस काचेवर बोटं आपटायची नाहीत.

उद्या सकाळी: एकशिपी तिसऱ्या

आता खाणं. उद्या सकाळी मासळी बाजारात जाऊन जिवंत तिसऱ्या आणा, अर्धा किलो पुरे. ओळखीच्या कोळीण मावशी असतील तर कुठल्या खाडीच्या आहेत ते विचारा. ठाणे खाडीसारख्या शहराच्या सांडपाण्यातल्या नकोत, कोकणातल्या स्वच्छ खाडीतल्या मिळाल्या तर बघा. आपण घरी करतो तसंच त्या दोन-तीन तास मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडू द्या, मग धुऊन घ्या. बहुतेक सगळ्या एका डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. गोठवलेल्या तिसरीतले बहुतेक परजीवी मरतात. सगळे जीवाणू मरत नाहीत, म्हणून जुन्या, वास येणाऱ्या तिसऱ्या कधीच नाहीत. दोन-चार मात्र आत्ताच्या कामासाठी ताज्या ठेवा. थोडी जोखीम त्यात आहे, पण न खाणाऱ्या कॉपरबँडसाठी ती घ्यावी असं माझं मत आहे, कारण ताज्या तिसरीच्या रसाचा वास गोठवलेलीला येत नाही.

विळीवर तिसरी उघडायची आणि मांस एकाच शिंपेत ठेवायचं, म्हणजे आपण एकशिपी करतो अगदी तशीच. हळद-मसाला सोडून. चाकूने मांसाला दोन-तीन चिरा द्या म्हणजे कडा सुट्या होऊन पाण्यात हलतील. ती शिंप दगडाच्या फटीत, त्याच्या लपण्याच्या जागेपासून वीतभर अंतरावर, मांस बाहेर येईल अशी अडकवा. प्रवाह तिथे मंद असावा, पण अगदी बंद नको. कडा हलल्या पाहिजेत. मग तिथून दूर जा. समोर उभं राहून बघत बसू नका.

पहिल्यांदा काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही मधेच धीर सोडणार नाही. माझ्याकडे सध्या असलेल्या कॉपरबँडने पहिली शिंप दीड तास नुसती बघितली. मी दरवाजाआडून बघत होतो. आधी तो एल्बोतून अर्धा बाहेर आला, पाठीवरचे काटे ताठ उभे. मग शिंपेभोवती एक गोल चक्कर मारून परत आत. पुन्हा बाहेर. या वेळी शिंपेसमोर थांबून अंग तिरकं केलं आणि एका डोळ्याने बघितलं, मग वळून दुसऱ्या डोळ्याने. काटे हळूहळू खाली बसले. मान खाली, शेपूट वर, चोचीचं टोक मांसाच्या सुट्या कडेला लागलं आणि तो झटक्याने मागे सरला, जणू चटका बसलाय. मिनिटभराने पुन्हा तेच. चौथ्या की पाचव्या वेळेला एक पांढरा धागा चोचीत आला. त्याने तो थुंकला. पुन्हा उचलला, पुन्हा थुंकला. तिसऱ्यांदा उचललेला धागा परत बाहेर आला नाही.

हे थुंकणं बघून अनेकजण निराश होतात. मी त्याच वेळी सुटकेचा श्वास सोडतो. तोंडात घेऊन थुंकणारा मासा चव बघतोय, तो आता खाणार.

शिंप दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात मांस लवकर खराब होतं, अमोनिया वाढतो. खाल्लं असो वा नसो, काढा आणि संध्याकाळी नवी ठेवा. सकाळ-संध्याकाळ, त्याच जागी, त्याच फटीत. त्या जागेशी त्याची ओळख व्हायला हवी.

दोन दिवसांत शिंपेलाही हात लावला नाही तर जिवंत, हलणारं अन्न. मोठी जिवंत ब्राइन श्रिम्प कुठे मिळत असेल तर आणा. तिच्यात पोषण बेताचंच, पण तिची हालचाल बघून चोच आपोआप पुढे जाते. मिळत नसेल तर अंडी घरी उबवा: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २७-२८ अंश तापमान, खालून जोरात हवा, वर दिवा, साधारण २४ तासांत पिल्लं बाहेर येतात. ती निघाल्यावर लवकर द्या, कारण पोटातला पिवळा साठा संपला की त्यांच्यात फारसं काही उरत नाही. मोठ्या कॉपरबँडला ती बारीक पडतात, पण मी त्यांनाच टोच मारून सुरुवात करणारे मासे पाहिलेत. गोठवलेले ब्लडवर्मही चालतात, ते किड्यासारखे दिसतात म्हणून त्याला पटतात. जिवंत ट्युबिफेक्स किडे मात्र नकोत, ते कुठल्या गटारातून आलेत ते आपल्याला कळत नाही.

आणि एक उपाय जो पुस्तकी वाटत नाही पण माझ्यासाठी अनेकदा चाललाय: काळी मॉली. गोड्या पाण्यातली साधी मॉली काही तासांत ठिबक पद्धतीने समुद्राच्या पाण्यात आणता येते, ती तिथे व्यवस्थित जगते. ती दिवसभर, निर्भयपणे, सगळं खाते आणि कोणाला त्रास देत नाही. ती कॉपरबँडच्या कप्प्यात सोडा. दुसरा मासा बिनधास्त खाताना दिसला की घाबरलेल्या माशाला धीर येतो, आणि ती शिंपेकडे गेली की तोही जातो. लसणाचा रस मात्र मला कधी उपयोगी पडलेला दिसला नाही. लोक आवडीने सांगतात, मी त्यावर वेळ घालवत नाही.

शिंपेतून मायसिसकडे

तो तिसरी खायला लागला म्हणजे काम संपलं असं समजू नका. मी एक कॉपरबँड इथेच गमावलाय. तो ब्लडवर्म मनापासून खायचा, पोट गोल दिसायचं, आणि मी तीन आठवडे तेच देत राहिलो. ब्लडवर्म म्हणजे गोड्या पाण्यातल्या किड्याची अळी. समुद्री माशाला लागणारे मेदाम्ल त्यात पुरेसे नसतात. पोट भरलेलं दिसत होतं आणि पाठ आटत होती. मी पोटाकडे बघत राहिलो.

तिसऱ्यांचंही तेच. शिंपल्यांमध्ये थायमिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं, आणि गोठवल्याने थायमिनेज जात नाही. म्हणून तिसऱ्या हा पूल आहे, त्यावर कायम राहायचं नाही.

माझी पद्धत अशी. खाल्लेल्या तिसरीची शिंप टाकायची नाही. स्वच्छ धुऊन ठेवायची. तीन-चार दिवस तो नेमाने खायला लागला की बारीक चिरलेल्या तिसरीत थोडी वितळवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले मिळतात) मिसळून त्या रिकाम्या शिंपेत दाबून भरायची आणि शिंपेसकट गोठवायची. त्याला दिसतं तेच: ओळखीची शिंप, ओळखीची फट. टोच मारताना तोंडात मायसिस येते. पहिल्या आठवड्यात तीन भाग तिसरी, एक भाग मायसिस, मग निम्मं-निम्मं, मग उलट. टोच मारताना मायसिसचे तुकडे सुटून पाण्यात तरंगतात आणि एके दिवशी तो त्यातला एक तरंगता तुकडा धरतो. तो दिवस मी वहीत लिहून ठेवतो, कारण त्यानंतर मासा टँकमध्ये इतरांबरोबर खाऊ शकतो.

मायसिस महाग पडते, हे मलाही माहीत आहे. आपल्याकडे त्याला एक छान जोड आहे: ताजा जवळा. बाजारात जवळा ताजा आला की घ्या, भरपूर धुवा, छोट्या चपट्या पिशव्यांत पातळ थर करून गोठवा, लागेल तेवढा तुकडा मोडा. मोठे तुकडे चिरून द्या. सुकट मात्र देऊ नका, वाळूही असते आणि कडक टरफलं त्याच्या तोंडाला झेपत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा खाण्यावर माशांसाठीचं जीवनसत्त्वांचं द्रावण टाकून दहा मिनिटं मुरू द्या.

किती वेळा द्यायचं? थोडं थोडं, दिवसातून चार वेळा तरी पहिले दोन आठवडे. या माशाचं पोट लहान आणि टोच मारणं दिवसभर. कामाला जात असाल तर सकाळी उठल्यावर, निघताना, आल्यावर आणि दिवे मंद होण्याआधी. पेलेट्स त्याने कधी खाल्ले तर आनंद, नाही खाल्ले तर आग्रह नको. माझे दोन कॉपरबँड अनेक वर्षं पेलेटला न शिवता जगले.

जास्त खाणं टाकल्याने नायट्रेट आणि फॉस्फेट वाढणार. वाढू देत. पाणी थोडं जास्त बदला. या महिन्यात कोरलच्या रंगापेक्षा मासा मोठा.

औषधं कधी

कॉपर आणि प्रॅझिक्वांटेल हे फ्लूकवरचं औषध, दोन्ही भूक मारतात. न खाणाऱ्या माशाला "खबरदारी म्हणून" औषध देणं म्हणजे उरलेली ताकद काढून घेणं. मी मासा आठवडाभर नीट खाईपर्यंत वेगळ्या टँकमध्येसुद्धा औषध सुरू करत नाही. अपवाद व्हेल्व्हेटचा, तिथे थांबता येत नाही.

फ्लूकचा संशय असेल तर गोड्या पाण्यात बुडवून बघता येतं. क्लोरिन काढलेलं आरओचं पाणी, टँकच्याच तापमानाचं, खाण्याचा सोडा चिमूटभर घालून पीएच टँकइतका आणलेलं, आत हवेचा दगड. पाच मिनिटं, नजर न हटवता. फ्लूक असतील तर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके तळाला पडतात, म्हणून बादली गडद रंगाची घ्या. मासा सुरुवातीला आडवा पडून मेल्यासारखा करतो, त्याने घाबरू नका. श्वास थांबतोय असं वाटलं तर लगेच बाहेर. पण तुमच्या माशाचे डोळे स्वच्छ असतील आणि तो अंग घासत नसेल, तर हे आत्ता करू नका.

विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर उपाशी आतड्यातही तसं दिसतं. खायला लागल्यावर आठवडाभरानेही तीच राहिली तर आतल्या परजीवींचा विचार करू, तेव्हा पुन्हा लिहा.

एप्टेशियाबद्दल

ज्या कामासाठी आणला ते काम तो करेलच असं नाही. माझ्या सातपैकी तिघांनी एप्टेशिया साफ केला, बाकीच्यांनी ढुंकून पाहिलं नाही. उपाशी ठेवलं तर एप्टेशिया खाईल हा समज तर कृपया मनातून काढून टाका. आणि तो मोठा होऊन वीसेक सेंटिमीटरपर्यंत जातो. ३०० लिटर त्याला पुढे अपुरे पडतील, हे आत्ताच ध्यानात ठेवा.

कोणी सुचवेल की मालवणहून किंवा आणखी कुठून किडे असलेला जिवंत दगड आणून टाका, तो त्यावर जगेल. आपल्या समुद्रातले कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथून दगड तोडून आणणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तो आणू दिला नसता. ओळखीच्या कोणाचा जुना, किडे-स्पंज वाढलेला टँकमधला दगड मिळाला तर मात्र जरूर घ्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की टँग आणि अँथियास या माशांनाही हेच लागू होतं का. थोडक्यात: टँगला मसाला-मीठ नसलेला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, कागद दगडाला रबराने बांधून द्या, बहुतेक दुसऱ्या दिवशी खातात. अँथियासना पाण्यात तरंगतं, बारीक आणि सतत हवं, ते उपास फार कमी सोसतात. मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपतो, भरपूर कोपेपॉड असलेला जुना टँक नसेल तर आणू नका. मूरिश आयडॉल आणूच नका. आणि नवीन असाल तर हॅचरीतले क्लाउन. ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनने त्यांची हॅचरी उभी केली आहे. टँकमध्ये जन्मलेला मासा पहिल्या दिवसापासून पेलेटवर धावतो, कारण त्याने दुसरं काही पाहिलेलंच नसतं.

पुढच्या वेळी दुकानात काचेवरची किंमत बघण्याआधी म्हणा, "याला माझ्यासमोर खायला घाला." कॉपरबँड असेल तर घरून एक एकशिपी तिसरी डब्यात घेऊन गेलात तरी कोणी हसणार नाही, मी आजही नेतो. आगाऊ पैसे देऊन आठवडाभर मासा तिथेच ठेवायला सांगा. चांगले दुकानदार आनंदाने ठेवतात. जो ठेवत नाही, त्याच्याकडचा हा मासा घेऊ नका.

आत्ता तुमच्यासाठी: आज रात्री जाळीची भिंत, दिवे निम्मे, अमोनियाची आणि सॅलिनिटीची चाचणी. उद्या सकाळी तिसऱ्या. रविवारी संध्याकाळपर्यंत त्याने किती वेळा टोच मारली, थुंकलं की गिळलं, आणि डोक्यामागचा भाग दिसेल असा समोरून एक फोटो, एवढं पाठवा. त्यावरून मॉली आणायची की मायसिस सुरू करायची ते ठरवू.